एक अक्षर जास्त

युद्धाच्या काळात बेरूतच्या नाक्यांवर बंदूकधारी पोरं गाडी अडवायची आणि टोमॅटो पुढे धरून विचारायची, "हे काय?" लेबनीज माणूस म्हणायचा 'बनादूरा'. पॅलेस्टिनी माणसाच्या तोंडून 'बंदूरा' निघालं, की त्याला खाली उतरवायची. पॅलेस्टिनी अदीबने ते एक जास्तीचं अक्षर घोटून घोटून जिभेवर बसवलं, आणि पुढे लग्नात सलवालाही आपण लेबनीजच असल्याचं सांगितलं.

युद्ध संपून जमाना झाला. आता त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. गुंगीत भलतंच बोलून गेलो तर या वयात संसार मोडेल, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. सलवासमोर मात्र तो फुशारकी मारत राहिला.

"तुझ्यासारखा भित्रा नाही मी. वर्षानुवर्षं पित्ताशयात खडे घेऊन फिरतेस, पण ऑपरेशनचं नाव काढलं की पळतेस!"

शुद्धीवर आला तेव्हा सलवा एकटीच उशाशी बसली होती.

"मी काही बोललो का गं?"

"सॅलड मागत होतास. बंदूरा जास्त घाल म्हणालास."

अदीबचा चेहरा पांढराफटक पडला. "नर्सने ऐकलं?"

"छे. तू तोंड उघडलंस तशी तिला पाणी आणायला पिटाळलं."

"सलवा, मी तुला सांगणारच होतो..."

सलवाने त्याचं पांघरूण नीट केलं.



"आणि मी काय हे खडे हौसेने सांभाळतेय?"