लेस्कोवाचा थांबा

“लेस्कोवाला उतरायचंय,” द्राहोमीरा म्हणाली आणि तिनं घंटीचं बटण दाबलं.

ड्रायव्हरचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला आणि बस थांबली. पण आज त्याच्या शेजारी वाहतूक खात्याचा तपासनीस उभा होता. तो म्हणाला, “चालव तू. लेस्कोवा नावाचं गावच नाही.”

“गाव नसेल. थांबा आहे,” द्राहोमीरा म्हणाली. “डोळे असतील तर पाटी वाच.”

पाटी खरंच होती. रस्त्याच्या कडेला, खाणीच्या कुंपणाला चिकटून, गंजक्या खांबावर. कुंपणापलीकडं जमीन संपत होती. जिथं चर्च, शाळा, बिअरचं दुकान आणि शंभरएक घरं होती, तिथं आता नुसता खड्डा होता आणि त्याच्या तळाशी फिरणारी अजस्र यंत्रं मुंग्यांएवढी दिसत होती. लेस्कोवाच्या बापजाद्यांनी जमिनीच्या पोटात उतरून तोच कोळसा काढला, त्यावरच लेकरं वाढवली. मग वरून हुकूम आला की सगळ्यात चांगला कोळसा गावाच्याच खाली आहे. ज्यानं पोसलं त्यानंच गिळलं. माणसं शहरातल्या सिमेंटच्या इमारतींत गेली. थडगी हलवली, नकाशावरून नाव गेलं. हा एवढा थांबा पुसायचा मात्र राहून गेला.

तेव्हापासून द्राहोमीरा दर रविवारी इथं उतरायची. लोक उतरत असतील तोवर थांबा काढता येत नाही, हे तिनं बसच्या डेपोत जाऊन खोदून खोदून विचारून घेतलं होतं. थोडा वेळ कुंपणाशी उभी राहायची, मग पुढच्या गावापर्यंत चालत जाऊन परतीची बस धरायची. गुडघे कुरकुरले की त्यांनाच शिव्या घालायची. बसमधले चेष्टा करायचे, “काय आजी, आज खड्ड्यात कुणाकडं जेवण?”

“तुझ्या सासऱ्याकडं,” ती म्हणायची.

तपासनिसानं आवाज मऊ केला. “कॉम्रेड आजी, हे बघा. एका म्हातारीच्या हट्टाला प्रवासी वाहतूक म्हणत नाहीत. आज मी मुद्दाम डोळ्यांनी बघायला आलोय. तुमच्याशिवाय इथं कुणी उतरत नाही. आता ही पाटी निघणार.”

“चर्च काढलंत. आमचे मेलेले उकरून काढलेत. आता एका खांबाला भ्यालात होय?”

त्या दिवसांत चारचौघांत असं बोलायची छाती फार थोड्यांची होती. तपासनिसाचे कान लाल झाले. तो मागं वळला आणि मोठ्यानं म्हणाला, “आहे का कुणी लेस्कोवाला उतरणारं? बोला! आहे कुणी?”

बसमध्ये लेस्कोवाचे चार-पाचजण होते. सगळ्यांना शहरात घर मिळालं होतं, नळाला गरम पाणी होतं, पोरं खाणीत नोकरीला होती. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. एक बाई तर बुटाची नाडी बांधायला वाकली ती वर येईना. द्राहोमीरानं एकेकाकडं रोखून पाहिलं. शेवटच्या बाकाकडं मात्र तिनं पाहिलं नाही.

तिथं तिचा धाकटा भाऊ ओताकार बसला होता, मासे धरायचा गळ गुडघ्यांत धरून. दर रविवारी तो पुढच्या तळ्यावर जायचा, आणि बस इथून जाताना न चुकता दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोंगराकडं बघत बसायचा. ज्या यंत्रानं त्यांची गल्ली खरवडून नेली, त्याच्या केबिनमध्ये तोच होता. “मी नसतो तर दुसरा कुणी बसला असता,” तो तेव्हा म्हणाला होता. “मग दुसऱ्याला बसू द्यायचं होतंस,” ती म्हणाली होती. त्यानंतर भावाबहिणीत शब्द नव्हता.

“नाही ना कुणी? चल रे,” तपासनीस ड्रायव्हरला म्हणाला.

मागून घंटी वाजली.

ओताकार उभा होता. “मला उतरायचंय.”

“तळं पुढं आहे, कॉम्रेड.”

“तळं कुठं आहे ते ठाऊक आहे मला. मी लेस्कोवाचा. दार उघड.”

ड्रायव्हरनं तपासनिसाकडं पाहिलंच नाही. दार उघडलं. द्राहोमीरा पायरीवर थांबून म्हणाली, “दोन झाले. पुढच्या रविवारी परत ये मोजायला.”

बस गेली. दोघं कुंपणाशी उभी राहिली. वाऱ्याला कोळशाचा वास होता.

“खड्ड्यात मासे नाहीत,” ती म्हणाली.

ओताकारनं कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. “ताई, मी...”

“ते राहू दे. रडायचं तर घरी जाऊन रड.” मग तिचा आवाज खाली आला. “एक सांग. तू खणलंस, तुला ठाऊक असणार. आपलं घर कुठं होतं रे?”

तो तिच्याकडं बघतच राहिला. चर्चचा मनोरा नव्हता, ओढ्यावरचा पूल नव्हता, खुणेला एक झाडसुद्धा उरलं नव्हतं. इतके रविवार ती साऱ्या जगाशी भांडून इथं उतरली होती, आणि घराची जागा तिला एकदाही सापडली नव्हती. हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

ओताकारनं हात उचलला. बोट खाली खड्ड्यात गेलं नाही. कुंपणापलीकडं, सरळ समोर, रिकाम्या हवेत ते थांबलं.

“तिथं. रस्त्याच्याच उंचीवर. तो आपला उंबरा.”

द्राहोमीरानं डोक्याचा रुमाल नीट केला, त्याच्या बोटाच्या रेषेत येईपर्यंत डावीकडं सरकली, आणि इतक्या वर्षांनी आपल्या दारासमोर ताठ उभी राहिली.