पहिल्या वळणावरचा चहा

आमचा मोटरसायकल शर्यतींचा स्पीडवे क्लब कर्जात बुडाला. आजच्या शर्यतीनंतर मैदानाला कायमचं टाळं. तरी आम्ही दोघं नेहमीसारखे पहिल्या वळणावरच्या कठड्याला टेकलो. इथं बिनब्रेकच्या मोटरसायकली वळताना आडव्या घसरतात, लाल रेती अंगावर उडते, म्हणून सगळे चहाच्या पेल्यावर हात धरतात. पहिल्यांदा आले तेव्हा मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या अनोळखी क्लाइव्हनं आपला चहा उघडा ठेवून माझ्या पेल्यावर टोपी धरली. आमच्या लग्नानंतरही दर शनिवारी धरत राहिला. आज शेवटच्या फेरीला गाड्या गरजत आल्या, टोपी सवयीनं पुढे आली. मी ढकलली. रेती चहात पडली. “अगं, काय केलंस?” “गप्प बस!” म्हणत मी घोट घेतला. दाताखाली कचकच झाली. “इतकी वर्षं हाच पीत होतास, मेल्या?” त्यानं हसून पेला माझ्या पेल्याला टेकवला. “सावकाश पी. पुढच्या शनिवारी असा मिळायचा नाही.”