चौदा नंबरचं गिऱ्हाईक

"समुद्र कुठं हाये जी?" भैयालालने फाटकावरच विचारले.

घरे दाखवणाऱ्या प्रफुलला या प्रश्नाची सवय होती. कॉलनीच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत 'सागर किनारा' लिहिले होते. मालकाने कुडव्यापलीकडच्या तलावाच्या काठी सहा ट्रक रेती ओतली, नारळाची झाडे लावली आणि चौरस फुटाचा भाव दुप्पट केला. नवल म्हणजे तो मिळालाही. गोंदियाच्या पैसेवाल्यांना चपला हातात घेऊन रेतीवरून फिरायची हौस आहे, हे मालकाला बरोबर कळले होते.

"समुद्र नाही काकाजी, तलाव आहे. पण हवा तशीच लागते," प्रफुल म्हणाला.

भैयालाल आणि त्याची बायको दुर्गा दरेकस्याकडून आले होते. गोंदियात घर बघायचे आहे, असा काल फोन होता. दोघांचे कपडे साधे, पायांत रबरी चपला. पण धानाचा पैसा कपड्यांवर दिसत नाही, हे प्रफुल धंद्यात शिकला होता.

चौदा नंबरचा बंगला दोन वर्षांपासून रिकामा होता. "हा विकून दाखव, मग तुला पक्का करतो," असे मालकाने दिवाळीत सांगितले होते. प्रफुल तिशीला टेकला होता, काम कमिशनवरचे, आणि त्यापायी दोन सोयरिकी फिरल्या होत्या. कुडव्याच्या घरी त्याची आई प्रेमिला त्यावर काही बोलत नसे. तेच त्याला जास्त लागे. आज हे घर काहीही करून विकायचेच, असे ठरवून तो आला होता.

चालता चालता त्याने कॉलनी समजावून सांगितली. नऊ नंबरला हाडांचे डॉक्टर. दहाला राइस मिलवाले, गाड्या तीन आणि चालवणारा एकच. अकराचे लोक पुण्याला, फक्त लग्नसराईत येतात. बाराला ठेकेदार.

"ठेकेदार लोक पितेत म्हणतेत," दुर्गा हळूच म्हणाली. "खरं का?"

"मी त्यांना घर दाखवलं, काकू. घरात डोकावलो नाही."

दुर्गाने नवऱ्याकडे पाहिले. भैयालालने खिशातून खर्ऱ्याची, तंबाखू-सुपारीची पुडी काढून पुढे केली. "घ्या जी."

"मी नाही खात. तुम्ही घ्या ना."

"राहू द्या," म्हणत भैयालालने पुडी तशीच खिशात ठेवली.

तेवढ्यात तेरा नंबरच्या फाटकातून सुलोचनाबाईंची हाक आली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच राहत. सिलेंडर आत न्यायचा होता. गिऱ्हाईक उभे असताना हे काय, असे प्रफुलच्या मनात आले, पण पाय वळलेच. तो सिलेंडर उचलून आत गेला तेव्हा दुर्गा बाईंना विचारत होती, "हा पोरगा तुमचा कोण लागते?"

"कोणी नाही. पण दळणसुद्धा आणून देतो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

चौदा नंबरमध्ये प्रफुलने एकेक खोली मन लावून दाखवली. मोठा हॉल, तलावाकडची गॅलरी, संगमरवरी देवघर. भैयालालने एकही नळ उघडून पाहिला नाही. भावही विचारला नाही. टाइमपास गिऱ्हाईक दिसते, असे प्रफुलला वाटू लागले.

मागच्या खोलीत दुर्गा थांबली. भिंतीला लागून नवेकोरे कपाट होते. तिने त्याच्या बाजूने भिंतीवर तळहात फिरवला.

"ही खोली सासूबाईले देऊ. लय वय झालं, पण खाटेवर निजत नाही. जमिनीवरच पाहिजे." मग तिने वळून विचारले, "पावसाळ्यात इथं वल येते का?"

मालकाने या प्रश्नाचे उत्तर प्रफुलकडून पाठ करून घेतले होते. 'अजिबात नाही, वॉटरप्रूफिंग केलं आहे.' शब्द अगदी ओठांवर आले. ती जमिनीवर निजणारी म्हातारी त्याने पाहिली नव्हती, पण त्याची आजीही तशीच निजायची.

"येते," तो म्हणाला. "तलाव भरला की फरशीतून पाणी वर येतं. कपाट त्यासाठीच ठेवलं आहे. म्हातारं माणूस असेल तर हे घर घेऊ नका."

"मंग काऊन दाखवून राहिले?" भैयालालचा आवाज चढला.

"माझं काम आहे. आणि विकलं गेलं असतं तर मी पक्का झालो असतो." प्रफुलला स्वतःचीच लाज वाटली. "चुकलंच, काकाजी."

"आमाले नाही पायजे हे घर."

"समजलं."

प्रफुलने कुलूप लावले. मालकाला फोन करून जे झाले ते सगळे सांगितले, आणि मालकाने जे सुनावले तेही ऐकून घेतले. पक्की नोकरी हातची गेली होती. तरीही त्याला हलके वाटत होते, आणि याचेच त्याला आश्चर्य वाटले. फाटकाशी येऊन त्याने दोघांसाठी ऑटो थांबवला.

"बसस्टँडला सोड रे यांना," त्याने ऑटोवाल्याला सांगितले.

"बसस्टँडले नाही, कुडव्याले," आत बसत भैयालाल म्हणाला. "आन् तुम्ही बी बसा जी. आईले फोन लावा, पाहुणे येऊन राहिले म्हणून सांगा. आमची पोरगी रेणू मास्तरीण हाये, तिनंच बजावलं होतं का पोरगा घरं विकते म्हणता, तर सोयरीक बोलाच्या आधी त्याच्याकडून एखादं घर पाहून या."