अकराचा भोंगा

मच्छीमार सोसायटीत नवा रिसीव्हर बसवणाऱ्या मुलीने एक वायर ऑफिसातल्या स्पीकरला जोडली, दुसरी धक्क्यावरच्या भोंग्याला. मग म्हणाली, “सेक्रेटरीकाका, वादळाची सूचना आली की रेडिओवरची गाणी आपोआप थांबून भोंगा वाजेल. पण चाचणीसाठी तो रोज अकरालाही वाजणार. मासळीच्या लिलावात अडचण होत असेल तर भोंग्याची लाइन बंद ठेवू?”

जुन्या रिसीव्हरवरची लाइन मीच बंद केली होती. बोली ऐकू येत नाही म्हणून लिलाव पुकारणारी माझी वहिनी रोज कटकट करायची. गेल्या ऑक्टोबरात खरी सूचना आली, ती रिकाम्या ऑफिसातल्या स्पीकरवरच वाजली. त्यानंतर समुद्रात गेलेल्या दोन होड्या परत आल्या नाहीत. एकीत माझा मोठा भाऊ होता.

“चालूच ठेव,” मी म्हणालो.

अकरा वाजता भोंगा वाजला. खाली वहिनीची बोली अर्ध्यावर थांबली. आता ती वर येऊन भांडेल, असं मला वाटलं. भोंगा थांबल्यावर ती खरंच आली, मासळीचे ओले हात पदराला पुसत दारात उभी राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “आवाज आणखी मोठा होतो का?”