सिंहाशेजारची शेळी

"सिंहाच्या डोळ्यांत भूक कशी नाही?" चित्रावरची नजर न काढता बादशहांनी विचारलं.

चित्रकार चैनसुखला घाम फुटला. चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभे होते, मस्तकामागे सोन्याचं तेजोवलय. पण आग्र्याचा सारा दरबार पाहत होता ते त्यांच्या पायांशी. तिथे सिंह आणि शेळी अंगाला अंग लावून निजले होते. या राज्यात दुबळ्याला भय नाही, हे सांगायला बादशहांना तोंड उघडायची गरज उरू नये, असं ते काम. खारीच्या केसांच्या कुंचल्याने चैनसुखने आयाळीचा केस न् केस जिवंत केला होता. असा हात पूर्वपुण्याईशिवाय मिळत नाही.

"अरे, बोल ना," चित्रशाळेचा दारोगा त्याच्या कानाशी लागला. "म्हण, हुजुरांचा प्रताप! बक्षीस घे आणि चालता हो."

सोपंच होतं. पण चैनसुखच्या डोळ्यांपुढे शेजारची विधवा बख्तो उभी राहिली. चित्रातली ती शेळी तिची. तिच्याच दारात बसून त्याने ती समोर पाहून रेखाटली होती. मग सिंह रेखाटायला तो शाही पिंजऱ्यापाशी गेला, तर सिंह काही केल्या स्वस्थ बसेना. "थांबा लालाजी, आत्ता निजवतो," म्हणत रखवालदाराने एक जनावर आत ढकललं. बादशहांच्या नावाने गल्लीतून ओढून आणलेलं. ती बख्तोचीच शेळी, हे चैनसुखने ओळखलं, पण ओरडेपर्यंत उशीर झाला होता. त्या विधवेची चूल त्या शेळीच्या दुधावर पेटायची. "तुझ्या बादशहाला सांग की!" ती रडतच त्याच्यावर खेकसली होती. "का फक्त चित्रातच न्याय करतो तो?"

चैनसुखने जमिनीला कपाळ टेकलं. "हुजूर, भूक कुठून दिसणार? हीच शेळी त्याच्या पोटात होती." आणि बख्तोचं सगळं गाऱ्हाणं त्याने एका दमात सांगून टाकलं.

दारोग्याने डोळे गच्च मिटले. चैनसुखला आपली मान आधीच धडावेगळी झाल्यासारखी वाटू लागली.

"हुकूम असेल तर," तो चाचरत म्हणाला, "शेळी पुसून टाकतो."

बादशहा बराच वेळ चित्रातल्या आपल्या पायांकडे पाहत राहिले.

"खबरदार, तिला हात लावशील तर," ते म्हणाले. "तुझं काम पुरं झालंय, चैनसुख. राहिलंय ते आमचं."