बेवारस जाळं

गार्डसाहेबांनी ओलं जाळं लंकाबाईच्या ओट्यावर टाकलं आणि कुणाचं आहे ते विचारलं.

नाथसागराच्या त्या अंगाला पक्षी अंडी घालतात, म्हणून तिथं मासेमारीला बंदी होती. सापडला की होडी-जाळं जप्त, वर तुरुंग. आज सकाळी जाळं टाकणारा होडीसकट पसार झाला आणि काठावर गवत कापणारा राधाकृष्ण आयताच तावडीत सापडला. चोर सोडून संन्याशाला सुळी!

गाठीवरून विणणारा ओळखावा तर लंकाबाईनंच. आसपासची सगळी फाटकी जाळी तिच्याकडं सांधायला यायची. नव्या जाळ्याच्या कोपऱ्याला घरची बाई आपल्या लुगड्याची चिंधी बांधते, म्हणजे ते रिकामं येत नाही. लंकाबाईनं बांधलेली शेवटची चिंधी नवऱ्याच्या जाळ्याबरोबरच पाण्यात गेली होती.

तिचा नवरा गोरक्ष नऊ वर्षांपूर्वी वादळात बुडाला. उलटलेली होडी मिळाली, देह नाही. तिनं कुंकू पुसलं, हिरवी लुगडी ट्रंकेत घातली. भाकऱ्या मात्र अजून सवयीनं जास्तच व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिलाच शिळ्या खाव्या लागायच्या. घर खायला उठायचं. गोरक्ष डाव्या हातानं जेवायचा म्हणून सासू बोलायची, त्याच्या उलट्या गाठींना गाव हसायचं. ते आठवून ती एकटीच हसायची, मग रडायची. त्याचं नाव मात्र लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं कधी ओठांवर आणलं नव्हतं. 'आमचं मालक', एवढंच.

"वैनी, माजी पोरं बारकी हायत," राधाकृष्ण म्हणाला. "खरं काय ते सांगा." तिला सरपण आणून देणारा, आजारपणात विचारपूस करणारा तो एकटाच होता.

लंकाबाईनं जाळं मांडीवर ओढलं. राधाकृष्णाचं नाही एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. पाण्यावर पोट असलेल्या माणसाला तुरुंगात धाडून आपल्याला काय मिळणार?

दोनचार गाठी चाचपल्या आणि तिची बोटं थांबली. चेहरा असा उजळला की राधाकृष्ण बघतच राहिला. ओळखीचं आहे का, म्हणून साहेबांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली, पण डोळे भरून आले होते. त्याच गाठींवरून ती पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिली.

मग तिचा हात कोपऱ्याकडं गेला. तिथं चिंधी होती, हिरव्यागार, कोऱ्या लुगड्याची.

ती चिंधी लंकाबाईनं बराच वेळ निरखली. मग जाळं मांडीवरून खाली सरकवलं आणि पदर नीट केला.

"लिवून घ्या साहेब," ती म्हणाली. "गोरक्ष पुंजाराम लिंबोरे. डावखुरा हाय."