सही कुंभवलीची

सरपंच संघाच्या सभेत औद्योगिक महामंडळाच्या साहेबांनी नकाशा पसरला. कारखान्यांचं सांडपाणी कुंभवलीच्या विहिरींत मुरत होतं. आता ते पाइपातून थेट शेजारच्या मुरबे गावाच्या खाडीत सोडायचं होतं.

“संघाच्या विरोधाला कायद्यात जागा नाही. पाइप कुंभवलीच्या हद्दीतून जाणार, म्हणून सही फक्त कुंभवलीची लागते,” म्हणत साहेबांनी कुंभवलीच्या सरपंच मंदाताईंपुढे पेन धरलं.

शेजारी बसलेले मुरब्याचे सरपंच कमलाकांत हळूच म्हणाले, “कर सही, मंदा. तुजी पोरं तेच पाणी पितात. मासळीचं आमी बघू काय ते.”

मंदाताईंनी पेन परत साहेबांच्या खिशाला लावलं.

“एकमेकांच्या दारात घाण ढकलायला संघ नाय काढला आमी. ऱ्हाऊ दे ती आमच्याच विहिरीत. खाडीत गेली, की डोळ्याआड झाली; मग साहेब, तुमी ती कारखान्यातच बंद कशाला कराल?”